क्षमादान देणारा कैदी

११ जानेवारी २००३. शिकागोतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात इलिनॉय राज्याचे मावळते गव्हर्नर जॉर्ज रायन भाषणासाठी उभे राहिले, तेव्हा त्यांच्या कारकिर्दीचे दोनच दिवस उरले होते. त्या भाषणात त्यांनी राज्यातील मृत्युदंडाच्या प्रतीक्षेत असलेल्या सर्वच्या सर्व १६७ जणांची शिक्षा कमी केली. त्यांपैकी बहुतेकांच्या वाट्याला पॅरोलविना जन्मठेप आली. आदल्याच दिवशी त्यांनी चौघांना पूर्ण माफी दिली होती. शिकागो पोलिसांनी छळ करून आपल्याकडून कबुलीजबाब घेतले, अशी या चौघांची तक्रार होती. जगभरातील मानवाधिकारवाद्यांनी रायन यांना डोक्यावर घेतले. बळी पडलेल्यांच्या नातेवाइकांनी मात्र हा आपला विश्वासघात असल्याचे सांगितले. त्यानंतर वर्ष उलटण्याच्या आतच, डिसेंबर २००३ मध्ये, याच रायन यांच्यावर भ्रष्टाचाराचे आरोपपत्र दाखल झाले आणि पुढे ते स्वतः तुरुंगात गेले.

२ मे २०२५ रोजी वयाच्या ९१ व्या वर्षी रायन यांचे निधन झाले. त्यांच्या चरित्राचे हे दोन भाग एकमेकांशी जुळवायचे कसे, हा प्रश्न त्यांच्या मृत्यूनंतरही सुटलेला नाही.

औषधविक्रेता ते गव्हर्नर

१९३४ साली आयोवा राज्यात जन्मलेले रायन वाढले ते इलिनॉयमधील कँककी या गावात. कुटुंबाचा औषधविक्रीचा व्यवसाय होता. त्यांनीही औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेतली. कोरियात लष्करी सेवा करून परतल्यावर ते त्याच व्यवसायात स्थिरावले. रिपब्लिकन पक्षाच्या स्थानिक संघटनेतून १९६६ साली जिल्हा मंडळावर, १९७३ मध्ये राज्य विधिमंडळात, १९८१ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या अध्यक्षपदी, १९८३ पासून आठ वर्षे उपगव्हर्नरपदी अशा एकेक पायऱ्या ते चढत गेले. विचारवंत अथवा सुधारक म्हणून त्यांची ओळख कधीच नव्हती. मते जुळविणारा, कंत्राटे वाटणारा, विरोधकांशीही व्यवहार ठेवणारा जुन्या घाटाचा पुढारी अशीच त्यांची प्रतिमा होती. इलिनॉयमध्ये १९७७ साली मृत्युदंड पुन्हा लागू झाला, तेव्हा त्या विधेयकाच्या बाजूने मत देणाऱ्यांत रायनही होते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. अमेरिकेतील गव्हर्नर म्हणजे आपल्याकडील राज्यपाल नव्हे. तो जनतेने थेट निवडून दिलेला कार्यकारी प्रमुख असतो आणि इलिनॉयच्या राज्यघटनेने क्षमादानाचा अधिकार त्याच्या एकट्याच्या हाती दिला आहे. कैद्यांच्या अर्जांवर सुनावणी घेणारे मंडळ असते. परंतु त्याची शिफारस गव्हर्नरवर बंधनकारक नसते. आपल्या घटनेच्या ७२ व्या आणि १६१ व्या अनुच्छेदांखालील अधिकार मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वापरायचे असतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० च्या मारू राम खटल्यात स्पष्ट केले. इलिनॉयमध्ये सल्ल्याचा असा आडोसा नाही. सही गव्हर्नरची आणि जबाबदारीही त्याचीच.

तेरा निर्दोष, बारा मृत

रायन जानेवारी १९९९ मध्ये गव्हर्नर झाले. त्याआधी काही महिने एका कैद्याचा मृत्युदंड ठरलेल्या वेळेच्या दोन दिवस आधी न्यायालयाने थांबवला होता, तोही निर्दोषत्वाच्या नव्हे, तर त्याची बौद्धिक क्षमता तपासण्याच्या कारणासाठी. त्या उसंतीत नॉर्थवेस्टर्नमधील पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांनी आपल्या प्राध्यापकांसह या प्रकरणाचा मागोवा घेतला. दुसऱ्याच एका इसमाने कबुली दिली आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये हा कैदी सुटला. पुढे २०१४ मध्ये ती कबुलीही संशयास्पद ठरली व शिक्षा भोगत असलेला दुसरा इसमही मुक्त झाला. एकाच गुन्ह्याच्या तपासात दोनदा एवढी गफलत होऊ शकते, हे त्यावरून दिसले.

मार्च १९९९ मध्ये मात्र रायन यांनी एका मृत्युदंडाची अंमलबजावणी होऊ दिली. त्यांच्या कारकिर्दीतील ती पहिली आणि शेवटची. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘शिकागो ट्रिब्यून’ने राज्यातील मृत्युदंडाच्या खटल्यांची झाडाझडती घेणारी लेखमाला प्रसिद्ध केली. नंतर परवाना गमावलेले किंवा निलंबित झालेले बचावाचे वकील, तुरुंगातील खबऱ्यांच्या साक्षी, बळजबरीचे कबुलीजबाब असा सारा ऐवज तीत होता. १९७७ नंतर राज्यात १२ जणांना मृत्युदंड दिला गेला होता, तर १३ जण मृत्युदंडाच्या कोठडीतून निर्दोष सुटले होते. ३१ जानेवारी २००० रोजी रायन यांनी सर्व मृत्युदंडांना स्थगिती दिली. अमेरिकेतील कोणत्याही गव्हर्नरने असे पाऊल त्यापूर्वी उचलले नव्हते. त्यांनी नेमलेल्या आयोगाने एप्रिल २००२ मध्ये ८५ शिफारशी केल्या. विधिमंडळाने त्या अमलात आणण्यात स्वारस्य दाखवले नाही, तेव्हा जाता जाता रायन यांनी सरसकट शिक्षा कमी करण्याचा निर्णय घेतला.

परवान्यांचा बाजार

आता दुसरी बाजू. गव्हर्नर होण्यापूर्वी आठ वर्षे रायन इलिनॉयचे ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ होते. राज्यपातळीवरील या पदाचा परराष्ट्र व्यवहाराशी संबंध नाही. वाहनचालकांचे परवाने व वाहननोंदणी हे या खात्याचे मोठे काम, म्हणजे आपल्याकडील आरटीओ. या खात्यातील काही कर्मचारी लाच घेऊन अपात्र ट्रकचालकांना परवाने देत होते. त्या पैशांतील काही भाग रायन यांच्या निवडणूक निधीची तिकिटे खपवण्यासाठी जात होता.

८ नोव्हेंबर १९९४ हा निवडणुकीचा दिवस होता आणि रायन त्याच दिवशी या पदावर पुन्हा निवडून आले. त्याच दिवशी विस्कॉन्सिन राज्यातील मिल्वॉकीजवळ एका ट्रकचा सुटलेला भाग मागून येणाऱ्या मोटारीच्या इंधनटाकीवर आदळला. गाडीने पेट घेतला. त्यात शिकागोतील एका धर्मोपदेशकाची सहा मुले मृत्युमुखी पडली. ट्रकचालकाचा परवाना इलिनॉयमध्ये लाच देऊन मिळवलेला होता, असे तपासात उघड झाले. खात्याअंतर्गत चौकशी मात्र वरूनच दाबण्यात आली.

संघराज्याच्या तपासयंत्रणांनी चालवलेल्या या प्रकरणात ७० हून अधिक जण दोषी ठरले. २००१ साली रायन यांनी पुन्हा निवडणूक न लढवण्याचे जाहीर केले. मित्रांना कंत्राटे आणि भाडेकरार मिळवून देऊन त्याबदल्यात सहली व भेटी स्वीकारणे, कर बुडवणे, तपासकर्त्यांशी खोटे बोलणे अशा १८ आरोपांवर एप्रिल २००६ मध्ये ते दोषी ठरले. साडेसहा वर्षांची शिक्षा झाली. नोव्हेंबर २००७ मध्ये ते तुरुंगात दाखल झाले. २०१० साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे संपूर्ण निवृत्तिवेतनही नाकारले.

शिक्षेचा बराचसा काळ त्यांनी इंडियाना राज्यातील टेरे होट येथील तुरुंग संकुलात काढला. अमेरिकेच्या केंद्रीय सरकारचा मृत्युदंडकक्ष याच संकुलात आहे. २००८ च्या अखेरीस त्यांच्यासाठी अध्यक्ष बुश यांच्याकडे दयेची याचना करण्यात आली. विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाचे सिनेटर डिक डर्बिन यांनीही पत्र लिहिले. रायन यांनी त्या वेळी जाहीर क्षमा मागितली. बुश यांनी दया दाखवली नाही.

हेतू आणि निर्णय

खटल्याची चाहूल लागल्यानेच रायन यांनी कीर्तीसाठी हे क्षमादान केले, असा आरोप तेव्हापासून होत आला आहे. तो पूर्णपणे खोडून काढता येत नाही, कारण स्थगितीच्या आधीच परवाना प्रकरण बाहेर आले होते. परंतु माणसाचा हेतू आणि निर्णयाची योग्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००४ मध्ये ही शिक्षाघट घटनात्मकदृष्ट्या वैध ठरवली. मार्च २०११ मध्ये इलिनॉयने कायद्यानेच मृत्युदंड रद्द केला. त्यावर सही करणारे गव्हर्नर पॅट क्विन डेमोक्रॅट होते आणि त्या दिवशी रायन तुरुंगात होते. मृत्युदंडाच्या कोठडीतून सुटलेल्यांची संख्या तोवर २० झाली होती.

अर्थात, दुसऱ्या बाजूचा हिशेबही तितकाच खरा आहे. १६७ जणांची शिक्षा कमी करणाऱ्या त्या सहीने सहा मुलांचे मरण भरून निघत नाही. परवाना असो वा मृत्युदंडाचा आदेश, दोन्ही ठिकाणी सरकारी यंत्रणेने कागद नीट तपासला नाही आणि त्याची किंमत माणसांनी दिली. एका ठिकाणी रायन यांनी यंत्रणेला जाब विचारला. दुसऱ्या ठिकाणी तीच यंत्रणा त्यांची स्वतःची होती, तिथे त्यांनी डोळे मिटून घेतले. जानेवारी २०१३ मध्ये तुरुंगातून सुटून ते कँककीला परतले आणि तिथेच अखेरपर्यंत राहिले. त्या सहा मुलांच्या आईवडिलांना मात्र रायन यांच्याकडून जाहीर क्षमायाचना मिळाली ती चौदा वर्षांनी.