एक्सप्लेनर : जुना वायरवाला हेडफोन, नवा फोन, ब्लूटूथ रिसिव्हर घेताना काय पाहाल?

२०१६मध्ये ॲपलने आयफोन ७मधून ३.५ मिमीचा जॅक काढला. पाठोपाठ इतर कंपन्यांच्या महागड्या फोनमधूनही तो गेला. चांगले वायरवाले हेडफोन मात्र अनेकांच्या कपाटात पडून आहेत. विरार ते चर्चगेट हा ६० किलोमीटरचा रोजचा प्रवास गाणी ऐकत करणाऱ्यांसाठी ब्लूटूथ रिसिव्हर हा सोपा उपाय आहे.

रिसिव्हर करतो काय?

खिशाला अडकवायची ही छोटी डबी फोनकडून बिनतारी सिग्नल घेते. त्यातली 'डॅक' चिप डिजिटल सिग्नलचे ॲनालॉग सिग्नलमध्ये रूपांतर करते, तर ॲम्प्लिफायर हेडफोनला ताकद देतो. ट्रान्समीटर याच्या उलट काम करतो, त्यामुळे घेताना नाव नीट वाचा.

कोडेक का महत्त्वाचा?

ब्लूटूथवरून पाठवण्याआधी गाणे दाबून लहान केले जाते. ती पद्धत म्हणजे कोडेक. सीडीवर सेकंदाला १,४११ किलोबिट डेटा असतो. एसबीसी कोडेकमध्ये तो साधारण ३२८, एपीटीएक्स एचडीमध्ये ५७६, तर सोनीच्या एलडॅकमध्ये कमाल ९९० किलोबिट जातो. फोन आणि रिसिव्हर दोघांतही तोच कोडेक हवा. आयफोन एएसीपर्यंतच जातो. त्यामुळे आयफोनसाठी केवळ एलडॅक आहे म्हणून जास्त पैसे मोजू नका. अँड्रॉइडमध्ये आठव्या आवृत्तीपासून एलडॅकची सोय आहे. खोक्यावरचा 'ब्लूटूथ ५.३' हा आकडा कोडेकबद्दल काहीच सांगत नाही.

गर्दीत आवाज का तुटतो?

ब्लूटूथ आणि बरेचसे वायफाय एकाच २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालतात. त्यात माणसाचे शरीर या लहरी शोषून घेते. भरलेल्या डब्यात ९९०चा एलडॅक अडखळणारच. फोनच्या 'डेव्हलपर ऑप्शन्स'मध्ये जाऊन तो ६६० किंवा ३३०वर आणा. फोन आणि रिसिव्हर शरीराच्या एकाच बाजूला ठेवा. कमाल दर्जा घरी ऐकण्यासाठी राखून ठेवा.

हेडफोन कोणता आहे?

१६ ते ३२ ओहमचे इअरफोन साध्या रिसिव्हरवरही छान वाजतात. सेनहायझर एचडी ६००सारख्या ३०० ओहमच्या हेडफोनला मात्र जोरकस ॲम्प्लिफायर लागतो. तुमच्या हेडफोनच्या ओहमला रिसिव्हर किती मिलिवॉट देतो, ते माहितीपत्रकात पाहा. एलडॅक हवा असल्यास फिओची बीटीआर मालिका किंवा क्युडेलिक्स ५केपासून तुलना सुरू करता येईल. गाडीच्या ऑक्ससाठी मिळणारे स्वस्त रिसिव्हर बहुधा एसबीसीवरच थांबतात.

आणि कानांचे काय?

लोकलच्या खडखडाटात आवाज नकळत वाढवला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलला आठवड्यात ४० तास ही सुरक्षित मर्यादा आहे. त्यापेक्षा मोठ्या आवाजाला हे तास झपाट्याने घटतात. म्हणून कानात घट्ट बसणारे रबरी टिप्स आधी घ्या. बाहेरचा गोंगाट अडला की कमी आवाजातही गाणे स्वच्छ ऐकू येते. फलाटावर उतरताना मात्र हेडफोन काढलेलाच बरा.