लाइफ कोच व्हावं का?

कोच म्हटलं की आपल्याला दोन गोष्टी आठवतात. एक रेल्वेचा डबा आणि दुसरे क्रिकेटचे सर. गंमत म्हणजे दोन्ही शब्द एकाच घरातले आहेत. हंगेरीत व्हिएन्ना आणि बुडापेस्ट यांच्या दरम्यानच्या रस्त्यावर कोच नावाचं छोटं गाव आहे. पंधराव्या शतकात तिथे उत्तम घोडागाड्या बनत. गावाचं नाव गाडीला पडलं आणि युरोपभर गेलं. पुढे १८३०च्या सुमारास ऑक्सफर्डचे विद्यार्थी परीक्षेतून पार करून देणाऱ्या खासगी शिक्षकाला थट्टेनं ‘कोच’ म्हणू लागले. तिथून हा शब्द मैदानात गेला आणि आता आपल्या नोकरी-संसारातही शिरला आहे.

मी एका कारखान्याच्या प्रशिक्षण विभागात वीस वर्षं काढली आणि गेली अकरा वर्षं हे कोचिंगचं काम करतो. महिन्यातून एक-दोन जण तरी मला विचारतात, ‘सर, मी लाइफ कोच होऊ का?’ विचारणाऱ्यांत स्वेच्छानिवृत्ती घेऊ पाहणारे असतात, आयटीतल्या नोकरीला कंटाळलेले असतात, मुलं परदेशी गेल्यावर घर रिकामं झालेल्या गृहिणी असतात. कारण विचारलं, तर बहुतेकांचं उत्तर एकच. ‘लोक माझ्याकडे अडचणी घेऊन येतात. मी सल्ला देतो, तो त्यांना पटतो.’

इथेच पहिली अडचण आहे. सल्ला देणं हे कोचचं काम नव्हे. सल्ला आपल्याकडे चाळीच्या जिन्यावर फुकट मिळतो, त्याला फी कोण देणार?

टिमथी गॅलवे नावाचे अमेरिकेतले टेनिस शिक्षक होते. ‘मनगट असं धर, खांदा तसा फिरव’ अशा सूचना कमी केल्या आणि खेळाडूचं लक्ष फक्त चेंडूकडे वळवलं, की तो लवकर शिकतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांचं पुस्तक १९७४ साली आलं. त्या विचाराला मोटारशर्यतीतले एक इंग्रज चालक, जॉन व्हिटमोर, यांनी कचेऱ्यांमध्ये नेलं. तुला काय हवंय, आज तू कुठे आहेस, काय काय करता येईल आणि त्यातलं नक्की काय करणार, या चार प्रश्नांची त्यांची रीत आजही शिकवली जाते. थॉमस लेनर्ड हे अमेरिकेत लोकांना पैशांचं नियोजन करून देत. लोकांना पैशांपेक्षा आयुष्याबद्दलच जास्त बोलायचं असतं, हे त्यांनी ओळखलं. १९९५ साली त्यांच्याच पुढाकारानं कोच मंडळींची आंतरराष्ट्रीय संघटना, म्हणजे आयसीएफ, उभी राहिली.

प्रत्यक्षात हे काम कसं चालतं? तपशील बदलून एक उदाहरण सांगतो. एक बाई म्हणाल्या, ‘मला नोकरी सोडायचीय.’ घरच्यांनी दोन्ही प्रकारचे सल्ले देऊन झाले होते. मी विचारलं, ‘सोडल्यावर पहिल्या सोमवारी काय वेगळं असेल?’ त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘संध्याकाळी सातच्या आत घरी असेन.’ कामाबद्दल त्यांची तक्रारच नव्हती. तक्रार होती ती कामाच्या वेळेची आणि तीन तासांच्या प्रवासाची. पुढच्या भेटीपर्यंत त्यांनी साहेबांशी वेळ बदलण्याबद्दल बोलायचं ठरवलं. माझा वाटा एका प्रश्नाचा आणि त्यानंतर गप्प राहण्याचा. गप्प राहणं मात्र फार अवघड आहे बरं का!

सातारकडचे एक बँक अधिकारी मला भेटले, तेव्हा राजीनामा लिहून तयार होता. अडीच लाखांच्या एका अभ्यासक्रमाचं माहितीपत्रकही सोबत होतं. मी त्यांना म्हटलं, ‘फी भरण्याआधी एवढंच करा. घरात कुणी अडचण सांगायला आलं, तर अर्धा तास फक्त प्रश्न विचारा. सल्ला एकही नको.’ आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. ‘साहेब, मेव्हण्याचा मुलगा आला होता. दहाव्या मिनिटाला मी त्याला स्पर्धा परीक्षेचा फॉर्म भरायला सांगून मोकळा झालो!’ प्रामाणिक माणूस. मी म्हटलं, पुन्हा करून बघा.

आता कायद्याचं बघू. आपल्या देशात डॉक्टरला वैद्यकीय परिषदेची नोंदणी लागते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला, म्हणजे चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला, १९९२च्या कायद्यानं आलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. लाइफ कोचला असा कुठलाच परवाना लागत नाही. उद्या सकाळी कुणीही दारावर पाटी लावू शकतो. म्हणूनच बाजारात दोन दिवसांच्या शिबिरापासून लाखांच्या अभ्यासक्रमापर्यंत सगळं मिळतं आणि सगळीकडे छान छापलेलं प्रमाणपत्र देतात.

आयसीएफचं प्रमाणपत्रही सरकारी परवाना नव्हे. पण त्याच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. पहिल्या पायरीला ६० तासांचं शिक्षण आणि १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव, दुसरीला १२५ आणि ५००, तिसरीला २०० आणि २,५००. माझ्या मते दुसऱ्या आकड्याकडे बघावं. शिक्षणाचे ६० तास पैसे मोजून पुरे होतात. अनुभवाचे १०० तास विकत मिळत नाहीत, आणि त्यातले ७५ तर मोबदला घेऊन केलेले असावे लागतात. म्हणजे तुमच्यासमोर बसण्यासाठी खिशात हात घालणारी माणसं तुम्हाला शोधावी लागतात. ती कुठून येणार, याचं उत्तर माहितीपत्रकात नसतं.

हिशेब करून बघा. समजा एका बैठकीचे पंधराशे रुपये आणि महिन्यात दहा जण, प्रत्येकाच्या दोन बैठका. झाले तीस हजार. पण काम नीट झालं, तर माणूस चार-सहा महिन्यांत आपल्या पायांवर चालू लागतो आणि यायचा थांबतो. तुम्ही जितके चांगले, तितका तो लवकर जाणार! मग पुन्हा नवे दहा जण शोधा. या शोधाला कंटाळून काही जण लोकांचं कोचिंग सोडतात आणि नवे कोच घडवण्याचे वर्ग काढतात. त्यात गैर काही नाही. फक्त वर्गाला जाताना विचारावं, की गुरुजी, तुमचं घर वर्गांवर चालतं की बैठकांवर?

पैशांपेक्षा मोठी जोखीम वेगळीच आहे. एखादा तरुण सांगतो, ‘सकाळी उठावंसंच वाटत नाही.’ हा कंटाळा असेल किंवा नैराश्याचा आजारही असेल. झोप उडाली आहे, जेवण तुटलं आहे, कशातच रस उरलेला नाही आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं आहे, तर त्याला पहाटे पाचचं वेळापत्रक आखून देणं घातक ठरतं. त्याला ते जमत नाही. मग ‘मी कशाच्याच लायकीचा नाही’ ही त्याची समजूत पक्की होते. अशा माणसाला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवायचं, आणि ते पहिल्या भेटीतच. मरणाची भाषा निघाली, तर त्याला एकटं सोडू नये, घरच्यांना कळवावं. ऑक्टोबर २०२२मध्ये सरकारनं टेली-मानस ही सेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६. चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत. मी हा क्रमांक टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे. हे ओळखायला न शिकवणारा अभ्यासक्रम कितीही नामांकित असला, तरी मी त्याची शिफारस करत नाही.

म्हणून विचारणाऱ्यांना मी सांगतो, नोकरी लगेच सोडू नका. आधी तीन महिने एखाद्या अनुभवी कोचकडे स्वतः जाऊन बसा, फी देऊन. समोरच्या खुर्चीत काय वाटतं ते कळेल. काहींना तिथेच कळतं की हे आपलं काम नाही. तेवढ्यावर अडीच लाख वाचले.

आमचे बँकेतले मित्र आता दर शनिवारी दुपारी दोघांना भेटतात. बँकेची परवानगी काढून ठेवली आहे. त्यांच्या वहीत एकतीस तास जमले आहेत, त्यातले नऊ पैसे घेऊन. मेव्हण्याच्या मुलाचा प्रश्न मात्र तसाच आहे, कारण नातेवाइकांचं काम घ्यायचं नाही, हा नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला आहे. राजीनाम्याचा विचार पुढच्या दिवाळीनंतर करू म्हणतात.