वसाहतकाळातील कोरियन स्त्री : समज आणि वस्तुस्थिती

जपानने १९१० मध्ये कोरिया आपल्या साम्राज्यात विलीन केला. कोरियन स्त्रीला शिक्षणाची वाट त्या राजवटीने दाखवली, हा समज कालक्रमापुढे टिकत नाही. कारण मेरी स्क्रँटन या अमेरिकन मिशनरी बाईंनी सोलमध्ये इह्वा ही मुलींची शाळा १८८६ मध्येच सुरू केली होती, आणि १८९८ मध्ये त्याच शहरातील स्त्रियांनी शिक्षणाचा व कामाचा समान हक्क मागणारे पत्रक प्रसिद्ध केले होते.

याहून खोल रुजलेला समज ‘होजू’ पद्धतीविषयी आहे. प्रत्येक व्यक्तीची नोंद एका कुटुंबप्रमुखाखाली करणारी आणि ते प्रमुखपद पित्याकडून पुत्राकडे सोपवणारी ही व्यवस्था प्राचीन कन्फ्यूशियन परंपरा मानली जाते. जपानी सत्तेआधीच्या चोसन राजवटीच्या उत्तरार्धात पितृवंशाची पकड घट्ट झाली होती हे खरे. परंतु त्या पकडीला कायद्याचा साचा मिळाला तो जपानमधील ‘इए’ या गृहसंस्थेवरून. १९१२ च्या दिवाणी अध्यादेशाने कौटुंबिक बाबी स्थानिक रूढीवर सोपवल्या खऱ्या, पण रूढी कोणती हे वसाहती अधिकारी आणि न्यायालये ठरवीत. १९२० च्या दशकारंभीच्या दुरुस्त्यांनी पत्नीला न्यायालयात घटस्फोट मागण्याची सोय दिली आणि त्याच सुमारास महत्त्वाच्या आर्थिक व्यवहारांसाठी तिच्यावर पतीच्या संमतीचे बंधनही घातले. स्वातंत्र्यानंतरही दक्षिण कोरियात ही पद्धती परंपरेच्या नावाने टिकली, हा कोरियन स्त्रियांवरील दीर्घ अन्याय होता. घटनात्मक न्यायालयाने २००५ मध्ये ती घटनाबाह्य ठरवली आणि २००८ पासून ती संपुष्टात आली.

युद्धकाळातील दोन गोष्टींचीही गल्लत होते. ऑगस्ट १९४४ च्या आदेशाने उभारलेली महिला श्रमपथके कारखान्यांसाठी होती, तर सैन्यासाठी लैंगिक गुलामगिरीत ढकललेल्या स्त्रियांची व्यवस्था त्याआधीच सुरू झाली होती. दोन्हींत सक्ती व फसवणूक होती, तरी त्या वेगळ्या होत्या.

या स्त्रिया केवळ सोसत राहिल्या, किंवा प्रतिकार फक्त शिकलेल्या ‘नव्या स्त्री’नेच केला, असे मानणे तर सर्वांत अन्यायकारक आहे. १९३१ मध्ये प्योंगयांगच्या रबरी बूट कारखान्यातील मजूर कांग जू-र्योंग वेतनकपातीविरुद्ध उल्मिल्दे या उंच मंडपाच्या छपरावर चढून बसली. आणि जानेवारी १९३२ मध्ये जेजू बेटावरील ‘हेन्यो’, म्हणजे श्वास रोखून समुद्रतळाशी उतरणाऱ्या पाणबुड्या स्त्रिया, आपल्या मालाला पडेल भाव देणाऱ्या सरकारी नियंत्रणाखालील संघटनेविरुद्ध रस्त्यावर आल्या आणि बेटाच्या जपानी प्रशासकाची मोटार अडवून त्यांनी आपल्या मागण्या त्याच्यापुढे मांडल्या.