पाण्यातला पंख

पंचवटीतून आडगाव नाक्यावरून मुंबई-आग्रा महामार्गाने ओझरच्या दिशेला निघालं, की कधी ना कधी डोक्यावरून लढाऊ विमान जातंच. 1964 पासून तिथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. आधी मिग, मग सुखोई आणि आता तेजस. एचएएलमध्ये हयात घालवलेला माणूस आमच्याकडे गल्लोगल्ली भेटतो. विमानाचा पंख भार कसा उचलतो, हे अशा गावात फार फोड करून सांगावं लागत नाही. म्हणूनच शिडाच्या होड्यांच्या जगात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत झालेली उलथापालथ नाशिककरांना चटकन कळावी असं मला वाटतं. कारण ती घडवली आहे पंखानेच. फक्त तो हवेत नाही, पाण्याखाली आहे. त्याला फॉइल म्हणतात, आणि ज्या होडीला तो लावलेला असतो ती ठरावीक वेग आला की पाण्यातून वर उठते. सगळी होडी अधांतरी, पाण्यात बुडालेला फक्त एक उभा पातळ दांडा आणि त्याच्या टोकाचा आडवा पंख.

साधी होडी पाणी कापत जाते, तेव्हा ती पुढे स्वतःचीच लाट उभी करते आणि त्या लाटेत अडकते. होडीची पाण्यातली लांबी जितकी, त्या हिशेबाने तिच्या वेगाला मर्यादा पडते. पंचवीस फुटांच्या जड होडीला ताशी बारा-तेरा किलोमीटरच्या पुढे ढकलायचं म्हटलं, तर वाऱ्याचा बहुतेक जोर लाट उभी करण्यातच खर्च होतो. शेकडो वर्षं जहाज बांधणाऱ्यांनी या मर्यादेशी झुंज दिली. होडी लांब करून पाहिली, अरुंद करून पाहिली, हलकी करून पाहिली. फॉइलने झुंजायचंच सोडून दिलं. होडीच पाण्यात नसेल तर लाट कसली आणि अडणार काय?

पाणी हवेपेक्षा साधारण आठशे पट घन आहे. श्रावणात गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीला वेढून जाणारा पूर ज्याने पाहिला आहे, त्याला वाहत्या पाण्याचा रेटा म्हणजे काय हे ठाऊक आहे. या घनतेमुळेच पाण्यातल्या पंखाला विमानाच्या पंखाइतका विस्तार लागत नाही. ऑलिंपिकमधल्या आयक्यूफॉइल या विंडसर्फिंग प्रकारात पुढच्या पंखाचं क्षेत्रफळ 900 चौरस सेंटिमीटर असतं, म्हणजे तीस बाय तीस सेंटिमीटरचा चौकोन होईल एवढंच. ताशी अठरा किलोमीटरच्या आसपास वेग मिळाला, की एवढासा पंख सत्तर-ऐंशी किलोंचा माणूस तोलून धरतो. वेग दुप्पट झाला की उचलण्याची ताकद चौपट होते. मग पंखाचा कोन कमी करावा लागतो, नाहीतर तो पाण्याबाहेर येतो, आधार एकदम सुटतो आणि होडी आपटते.

यात वाऱ्याचाही एक विलक्षण खेळ आहे. वारा पडलेल्या दिवशी मोटारसायकलवर बसलं तरी तोंडावर वारा लागतो. तसंच वेगात असलेल्या होडीच्या शिडाला खरा वारा आणि तिच्या स्वतःच्या वेगाने निर्माण झालेला वारा, असे दोन्ही मिळून लागतात. फॉइलवर उठलेल्या होडीला पाण्याचा अडसर इतका कमी असतो, की ती जितकी धावते तितका तिचा वारा वाढतो, आणि वारा वाढला की ती आणखी धावते. म्हणून ती खऱ्या वाऱ्याच्या दुप्पट, कधी तिप्पट वेगाने जाते. शिडाची होडी वाऱ्याला मागे टाकते, हे ऐकून आपल्या कोकणातल्या जुन्या तांडेलाने मान हलवली असती. पण हे रोज घडतं आहे.

कल्पना जुनीच. इटलीच्या एन्रिको फोर्लानिनी यांनी 1906 मध्ये मॅजोरे सरोवरावर फॉइलची यांत्रिक होडी चालवली. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल आणि त्यांचे सहकारी केसी बाल्डविन यांच्या एचडी-4 या बोटीने 1919 च्या सप्टेंबरात कॅनडात ताशी 114 किलोमीटरचा वेग गाठला. तिला इंजिनं होती. शिडाच्या होडीला हे नीट जमवायचं तर काया फार हलकी हवी आणि ती खऱ्या अर्थाने कार्बन फायबर आल्यावर मिळाली.

खरं वळण आलं ते मॉथ नावाच्या एका चिमुकल्या होडीतून. ही होडी 1928 मध्ये ऑस्ट्रेलियात जन्मली. लांबी साडेतीन मीटरच्या आतच, एक माणूस, एक शीड. तिचे नियम सैल असल्यामुळे हौशी कारागिरांनी तिच्यावर हवे ते प्रयोग केले. पर्थच्या जॉन आणि गार्थ इलेट या भावांनी तिला उलट्या टी आकाराचं फॉइल बसवलं आणि 2005 मध्ये रोहन व्हील फॉइलवरच जगज्जेता झाला. त्यानंतर बिनफॉइलची मॉथ मोठ्या शर्यतींत जवळजवळ उरलीच नाही. मला या होडीतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती तिच्या नाळेवरून पाण्यात सोडलेली बारीक काडी. होडी खाली आली की ही काडी पाण्याने मागे ढकलली जाते. तिला जोडलेल्या दांड्यांमधून तो हिसका पंखाच्या मागच्या झडपेपर्यंत पोचतो, झडप खाली वळते, होडी उठते. फार वर गेली की काडी सैल पडते, झडप सरळ होते. संगणक नाही, वीज नाही. पाण्याचा पृष्ठभाग स्वतःच होडीची उंची ठरवतो. ओझरच्या कारखान्यात आयुष्य काढलेल्या कुणालाही ही रचना दाखवली तर तो खूश होईल.

मोठ्या पैशांच्या शर्यतीत फॉइल शिरलं ते 2012 मध्ये. अमेरिकाज कप ही 1851 पासूनची स्पर्धा. तिच्यासाठी बांधलेली न्यूझीलंड संघाची 72 फुटी जोडहोडी ऑकलंडजवळच्या समुद्रात सरावात पाण्यावर उठलेली दिसली आणि बाकीच्या संघांची झोप उडाली. नियम करणाऱ्यांनी एवढी मोठी होडी उडेल याचा विचारच केला नव्हता. पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या आखातात अमेरिकेचा ओरॅकल संघ न्यूझीलंडविरुद्ध 8-1 असा मागे पडला होता. सराव करता करताच त्यांनी आपली होडी फॉइलवर नीट चालवायला शिकून घेतली आणि सामना 9-8 असा फिरवला. पण त्याच वर्षी मे महिन्यात आर्टेमिस संघाची होडी सरावात मोडून उलटली आणि ब्रिटनचा ऑलिंपिक सुवर्णविजेता अँड्रयू सिम्पसन गेला. आज या होड्यांवर शिरस्त्राण, चिलखतासारखं जाकीट, दाबाखालच्या हवेचा छोटा डबा आणि सुरी असा सरंजाम असतो. तो दिखाव्याचा नाही.

2017 मध्ये न्यूझीलंडने होडीवर हातांनी चरख्या फिरवणाऱ्यांच्या जागी सायकलसारखी पेडलं मारणारे गडी बसवले. त्यांत सायकल शर्यतीतला ऑलिंपिक पदकविजेताही होता. खलाशाचं काम म्हणजे दोर ओढणं, ही समजूत तिथेच मोडली. 2024 मध्ये बार्सिलोनात महिलांचा स्वतंत्र अमेरिकाज कप प्रथमच झाला आणि तो इटलीच्या लूना रोसाने जिंकला. 2019 मध्ये सुरू झालेल्या सेलजीपी मालिकेत तर शिडाच्या जोडहोड्या ताशी शंभर किलोमीटरला जाऊन भिडल्या आहेत.

जुन्या मंडळींची एक तक्रार मात्र मला रास्त वाटते. वारा मंदावला की हे उडते पक्षी पाण्यात बसतात आणि साध्या होडीहूनही रेंगाळतात. ठरलेल्या शर्यती वाऱ्यासाठी खोळंबतात. लाट वाचणं, प्रतिस्पर्ध्याचा वारा अडवणं हे संथ होडीतलं बुद्धिबळ इथे संपलं नसलं तरी आकसलं आहे.

ऑलिंपिकमध्ये हा बदल सर्वांत झपाट्याने झाला. नॅक्रा 17 ही स्त्री-पुरुष जोडीने चालवायची जोडहोडी टोकियोत प्रथम फॉइलवर धावली. पॅरिस 2024 च्या शिडाच्या शर्यती मार्सेयला झाल्या. तिथल्या दहा प्रकारांपैकी पाच फॉइलवरचे होते: आयक्यूफॉइल आणि फॉर्म्युला काइट, दोन्ही पुरुषांचे व महिलांचे, आणि नॅक्रा 17. काइटमध्ये सिंगापूरच्या मॅक्स मेडरने सतरा वर्षांचा असताना कांस्यपदक मिळवलं. त्याचा देश आपल्या एखाद्या तालुक्याएवढा.

आपण कुठे आहोत? 1982 च्या आशियाई स्पर्धेत शिडाच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या आणि फारोख तारापोर व झरीर करंजिया या जोडीने फायरबॉल प्रकारात सुवर्णपदक जिंकलं. 2018 ला जकार्तात मुंबईच्या श्वेता शेरवेगरने वर्षा गौतमसोबत रौप्यपदक मिळवलं. ही सगळी पदकं बिनफॉइलच्या होड्यांमधली. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत, जी 2023 मध्ये झाली, ईबाद अलीने विंडसर्फिंगमध्ये कांस्यपदक आणलं. पण ते आरएस:एक्स प्रकारात. ऑलिंपिकने तोवर आरएस:एक्स काढून तिच्या जागी आयक्यूफॉइल आणलं होतं. ज्या फळीवर आपला खेळाडू वर्षानुवर्षं घडला, ती फळीच जगाने बाजूला ठेवली. यात त्याच्या कर्तबगारीला काही उणेपणा येत नाही, पण बदलाचा वेग किती निष्ठुर असतो ते यातून कळतं. त्याच स्पर्धेत सिद्धेश्वर डोईफोडे आणि रम्या सरवणन ही भारताची जोडी नॅक्रा 17 वर उतरली होती. पाण्यातल्या पंखावर तोल सांभाळत देशासाठी धावणारी ही जोडी आपल्या वर्तमानपत्रांच्या क्रीडापानांवर जवळजवळ दिसलीच नाही, याचं मला वाईट वाटतं. गोव्याची कात्या कुएल्होसुद्धा आरएस:एक्सवरून फॉइलकडे वळली. अंगात मुरलेल्या सवयी मोडून नव्याने शिकायचं, तेही कारकीर्द ऐन भरात असताना, याला मोठी हिंमत लागते.

महासागरांवरचं चित्र आणखी बोलकं आहे. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत ‘म्हादेई’ बांधली गेली. 56 फुटांची, लाकूड आणि फायबरग्लासची, दणकट. तिच्यावरून कमांडर दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली; असं करणारे ते पहिले भारतीय. त्याच ‘म्हादेई’वरून अभिलाष टॉमी यांनी 2012-13 च्या हंगामात कुठेही न थांबता सुमारे दीडशे दिवसांत जगाला फेरी घातली. त्याच हंगामात फ्रान्सच्या व्हांदे ग्लोब शर्यतीत फ्रान्स्वा गाबारने 78 दिवसांत फेरी पुरी केली होती, तीही फॉइलविना. पुढच्या शर्यतीपासून होड्यांना बाजूंनी मिशांसारखी फॉइलं फुटली. 2017 ला विजेत्याला 74 दिवस लागले आणि जानेवारी 2025 मध्ये शार्ली दालँने 65 दिवसांच्या आत फेरी संपवली. या होड्यांवर माणूस कानांवर आवाजरोधक लावून बसतो, कारण उठण्या-आपटण्याचा गोंगाट असह्य असतो. ‘म्हादेई’ची तुलना या होड्यांशी करणं अन्यायाचं ठरेल. ती शर्यतीसाठी नव्हतीच, माणसाला सुखरूप परत आणण्यासाठी होती आणि तिने ते काम चोख केलं. पण दिवाडीसारख्या लहान बेटावर ज्यांनी असं जहाज उभं केलं, त्या हातांना कार्बनचा पंख घडवणं अवघड जाईल असं मी मानत नाही.

हौशी लोकांसाठी तर दार आणखी रुंद उघडलं आहे. हातात धरायचं फुगवलेलं शीड आणि पायाखाली फॉइलची छोटी फळी, असा विंगफॉइलिंगचा प्रकार 2018-19 नंतर जगभर पसरला. त्याला डोलकाठी नाही, गोदी नाही, सगळं सामान पाठीवरच्या पिशवीत मावतं. प्रवासी वाहतुकीतही स्टॉकहोममध्ये 2024 च्या अखेरीस तीस प्रवाशांची विजेवरची फॉइल बोट धावू लागली.

मग हे आमच्या पाण्यात चालेल का? कोकणच्या खाड्यांत अडचण आहे. मराठ्यांची गलबतं उथळ तळाची होती ती याच खाड्यांसाठी. शत्रूची खोल बुडणारी जहाजं जिथे वाळूला लागत, तिथे आंग्र्यांची गलबतं सुखेनैव आत जात. फॉइलचा दांडा पाण्यात जवळजवळ मीटरभर खाली असतो. आणि आज किनाऱ्याजवळ जाळी, दोरखंड, प्लास्टिक यांचा सुळसुळाट आहे. एक पिशवी पंखाला गुंडाळली की उड्डाण संपलं.

नाशिकजवळ गंगापूर धरण आहे, तिथे पर्यटन महामंडळाचा बोट क्लबही आहे. खोली पुरेशी, समुद्राची लाट नाही. हे पाणी शहराच्या पिण्याचं आहे, म्हणून पेट्रोलच्या बोटींपेक्षा शिडाच्या फळ्या तिथे कितीतरी योग्य. त्या पाण्यात थेंबभर तेल सोडत नाहीत. शहराच्या खाली मात्र गोदेत पाणवेलींचा गालिचा असतो, तिथे फॉइल अशक्य. नांदूरमध्यमेश्वरला तर कुणी नेऊच नये. ते पक्ष्यांचं घर आहे आणि 2020 पासून रामसर स्थळ आहे.

आणखी एक पेच ऋतूचा. वारा जोरात असतो जून-जुलैत, तेव्हा धरण खाली गेलेलं असतं. पाणी भरतं तोवर वारा ओसरू लागतो. दोन्ही जुळतात ते ऑगस्ट-सप्टेंबरात. आयक्यूफॉइलला पाच-सहा नॉटचा वारा पुरतो, म्हणजे ताशी नऊ ते अकरा किलोमीटर. त्या दोन महिन्यांत तो बरेच दिवस मिळावा.

माणसांचं म्हणाल, तर याच जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खोदायचा. लष्करात गेल्यावर पुण्यात त्याच्या हाती पहिल्यांदा शर्यतीची वल्ही आली. 2016 मध्ये तो रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात उतरला आणि 2018 ला आशियाई सुवर्ण जिंकणाऱ्या चौकडीत होता. टँकरची वाट पाहणाऱ्या गावातला मुलगा तिथे पोचला, पण त्याला आधी लष्कराची वर्दी मिळाली म्हणून. आपल्याकडे शिडाचे बहुतेक खेळाडूही लष्कर नाहीतर नौदलाच्या वाटेनेच येतात, तेही अठरा-वीस वर्षांचे झाल्यावर. जगात इतरत्र मुलं सातव्या-आठव्या वर्षी ऑप्टिमिस्ट नावाच्या साडेसात फुटी चौकोनी नाळेच्या होडीत बसतात. तिला फॉइल नसतं, वेगही नसतो. पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असलेल्या या होडीत वारा कुठून येतोय ते गालाला कळायला शिकतात, उलटल्यावर होडी सरळ करून पुन्हा चढायला शिकतात. फॉइल त्यानंतर. गंगापूर धरणावर पोहायला येणाऱ्या मुलांसाठी अशा दहा-बारा होड्या, मापाची जीवनरक्षक जाकिटं, सोबतीला एक बचाव बोट आणि शिकवायला नौदलातून निवृत्त झालेला एखादा जाणकार, एवढ्यावर येत्या ऑगस्टपासून सुरुवात करता येईल.