अंगणवाडीच्या पटावर आपले बाळ आहे का?

गांधीगेट ते बडकस चौक या महालातल्या गल्ल्यांमधून येणाऱ्या तरुण आयांना मी एक प्रश्न हमखास विचारतो, 'बाळाचे नाव अंगणवाडीत घातले का?' उत्तर बहुधा ठरलेले असते, 'अजून लहान आहे डॉक्टर, तीन वर्षांचा झाला की घालू.' हा गैरसमज बाळाच्या तब्येतीला महागात पडू शकतो. म्हणून आज अंगणवाडीच्या पटाविषयी थोडे सांगतो.

अंगणवाडी ही सरकारी बालशाळा आहे हे खरेच. पण ती नुसती शाळा नाही. 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात 33 ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. त्यांत आपल्या विदर्भातले, मेळघाटातील धारणी होते. या योजनेत आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास दवाखान्यात पाठवणी, मातांना आरोग्यशिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा गोष्टी येतात. म्हणूनच पट तीन वर्षांपासून सुरू होत नाही. गरोदर माता, स्तनदा माता, सहा महिने ते तीन वर्षांची बालके आणि तीन ते सहा वर्षांची मुले या सर्वांची नोंद तेथे व्हायला हवी. धाकट्यांना घरी नेण्यासाठी आहार मिळतो, थोरल्यांना अंगणवाडीतच खाऊ आणि शिक्षण.

धोका कोणत्या वयात?

सहा महिन्यांनंतर केवळ आईचे दूध पुरत नाही. वरचे अन्न उशिरा किंवा पातळ दिले तर वाढ अडते. त्याच सुमारास बाळ रांगू लागते, दिसेल ते तोंडात घालते आणि हगवण लागते. जन्मवजन साधारण पाचव्या महिन्यात दुप्पट व वर्षाअखेर तिप्पट व्हावे. वजन वाढायचे थांबले तरी ते आईच्या डोळ्यांना लगेच दिसत नाही. दरमहा वजन केले की वाढीच्या तक्त्यावरची रेघ आडवी झालेली दिसते. तीन वर्षांनी नाव घातले तर हा सारा काळ हातचा गेलेला असतो.

पट कसा वाचावा?

नुसत्या पटसंख्येवर समाधान मानू नये. तीन वर्षांवरील मुले भरपूर आणि त्याखालील मोजकीच दिसली, तर वस्तीत बाळे कमी आहेत असे नव्हे, त्यांची नोंद राहिली आहे असे समजावे. मुलगे आणि मुली वेगळे मोजावेत. मुली फार कमी असतील तर त्या कुठे आहेत हे विचारावे. मुलगेच कमी असतील तर त्यांना फी भरून खासगी नर्सरीत घातले आणि मुलींना अंगणवाडीत ठेवले, असे तर नाही ना, हेही पाहावे.

सर्वांत जास्त सुटतात ती फिरस्त्या कुटुंबांची बाळे. जुन्या वाड्यांत भाड्याच्या खोलीत राहणारे, बांधकामावर छत्तीसगड, मध्यप्रदेशातून आलेले मजूर आज इथे, उद्या तिथे असतात. ज्यांना अंगणवाडीची गरज सर्वांत अधिक, त्यांचीच नावे गळतात.

यासाठी गरिबीचा दाखला लागत नाही. दारिद्र्यरेषेची अट लावू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली बजावले. ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान 40 मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तेथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती द्यावी, असा आदेशही 2006 साली झाला.

आपण काय करावे?

गरोदरपणातच नाव नोंदवावे. बाळ सहा महिन्यांचे झाले की त्याची नोंद झाली का, हे सेविकाताईंना विचारावे. दरमहा वजन करून आकडा आपल्याकडेही लिहून ठेवावा. सलग दोन महिने वजन वाढले नाही तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत 'अ' जीवनसत्त्वाचे नऊ डोस पूर्ण करावेत. मूल खासगी नर्सरीत जात असले तरी हे चुकवू नये.

आणि शेजारी नवे बिऱ्हाड आले, त्यांच्या कडेवर बाळ दिसले, तर त्या आईला अंगणवाडीचा पत्ता जरूर सांगा. तेवढ्याने एका बाळाचे नाव पटावर येईल.