टक्केवारी नव्हे, गरज

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जून महिना जवळ आला की शाळाप्रवेशाची धांदल सुरू होते. एखाद्या शाळेच्या कचेरीत एक आई आपल्या मुलाला घेऊन बसलेली असते. मूल स्वमग्न असते, किंवा त्याला कमी ऐकू येते, किंवा चार ओळी वाचायला त्याला इतरांच्या तिप्पट वेळ लागतो. मुख्याध्यापक अगदी सौजन्याने बोलतात आणि शेवटी म्हणतात, ''बाई, आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही हो. तुम्ही दुसरी शाळा बघा.'' आई उठते, मुलाचे बोट धरते आणि चालू लागते. कायदा मोडला गेला, असे त्या खोलीत कोणालाच वाटत नाही. प्रत्यक्षात तो मोडलेला असतो.

आपल्याकडे १९९५ साली अपंग व्यक्तींसाठी पहिला व्यापक कायदा झाला. त्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाची तरतूदही त्यात होती, पण शाळेने नेमके काय करायचे हे त्यातून फारसे स्पष्ट होत नव्हते. त्याची जागा २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने घेतली. १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. प्रकार सातांवरून एकवीस झाले. स्वमग्नता आली आणि डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमताही आल्या.

या कायद्याचे सोळावे कलम पालकांनी लक्षात ठेवावे. सरकारी अनुदान घेणाऱ्या किंवा सरकारची मान्यता असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेला ते लागू आहे. अनुदान न घेणारी, पण मान्यता असलेली खासगी शाळाही त्यात आली. अशा शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, इमारत वापरता येईल अशी ठेवायची, अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखायची आणि त्या मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून द्यायची. म्हणजे 'आमच्याकडे सोय नाही' हे नकाराचे कारण होऊच शकत नाही. सोय करणे हेच तर शाळेचे काम आहे.

ही वाजवी सोय म्हणजे काय? दरवेळी मोठा खर्च असतोच असे नाही. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला पहिल्या बाकावर बसवणे, चाकाच्या खुर्चीतल्या मुलीचा वर्ग तळमजल्यावर आणणे, ही सोयच आहे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या आणि तिसऱ्या भाषेतून सूट, यांचा तर कायद्याच्या सतराव्या कलमात स्पष्ट उल्लेख आहे. शाळेवर अतोनात बोजा पडेल अशी मागणी 'वाजवी' ठरत नाही, एवढीच मर्यादा.

आता टक्केवारीकडे येऊ. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर टक्के लिहिलेले असतात आणि चाळीस हा आकडा सर्वांना पाठ असतो. काही हक्कांसाठी तो लागतोच. सहा ते अठरा वर्षांपर्यंतचे मोफत शिक्षण किंवा उच्च शिक्षणातील ५ टक्के राखीव जागा यांसाठी किमान चाळीस टक्के दिव्यांगत्व असावे लागते. पण हीच अट लोकांनी प्रत्येक सोयीला लावून टाकली. तीस टक्के असलेल्याला लेखनिक नाही, जादा वेळ नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली हा गैरसमज दूर केला. एका उमेदवाराला हाताच्या विकारामुळे लिहिता येत नव्हते, आणि चाळीस टक्क्यांच्या अटीवर बोट ठेवून त्याला लेखनिक नाकारला होता. न्यायालयाने सांगितले की आरक्षण वेगळे आणि वाजवी सोय वेगळी. सोय गरजेवर ठरते. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाने परीक्षांमधील सवलती चाळीस टक्क्यांखालच्या दिव्यांग उमेदवारांपर्यंतही पोहोचवण्याचे आदेश दिले. त्याआधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाकडून वर गेलेल्या एका प्रकरणात याच विचाराची दुसरी बाजू पुढे आली. वैद्यकीय प्रवेशासाठी एका विद्यार्थ्याची टक्केवारी 'जास्त' ठरली होती. नुसत्या आकड्यावरून कोणाला अपात्र ठरवू नका, तो अभ्यासक्रम पुरा करू शकतो का ते तपासा, असे न्यायालयाने बजावले.

राहिला प्रश्न शिक्षकांचा. मुलाला वर्गात घेतले आणि त्याला शिकवू शकणारा कोणी नसेल, तर ते वर्गात असूनही बाहेरच राहते. ऑक्टोबर २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याचे प्रमाण घालून दिले. प्राथमिक स्तरावर अशा १० मुलांमागे एक विशेष शिक्षक आणि त्यापुढील स्तरावर १५ मुलांमागे एक. २०२२ साली केंद्राने हेच प्रमाण शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांत घेतले. तरीही बहुतेक ठिकाणी काम कंत्राटी आणि अनेक शाळांत फिरणाऱ्या शिक्षकांवरच चालत राहिले. शेवटी मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला राज्यांना सांगावे लागले की तीन आठवड्यांत मंजूर पदे जाहीर करा. मात्र पद जाहीर झाले म्हणजे वर्गात शिक्षक आला असे नव्हे, हे आपण अनुभवाने जाणतो.

मग पालकांनी करायचे काय? पहिली गोष्ट, तोंडी बोलणी करू नका. अर्ज लिहा आणि त्याची पोच घ्या. अर्जात मुलाच्या आजाराचे नाव लिहून थांबू नका. त्याला कोणती सोय हवी ते एक, दोन, तीन असे लिहा. नकार आला तर तोही लेखी मागा. त्यानंतर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. आपल्या राज्यात हे कार्यालय पुण्यात आहे. साक्षीदार बोलावण्याचे, कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आयुक्तांना आहेत. त्यांची शिफारस मान्य नसेल, तर संबंधित अधिकाऱ्यांना तीन महिन्यांत कारण कळवावे लागते. कायदा मोडणाऱ्याला पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत, पुढे ५० हजार ते ५ लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

वकील मित्रांनाही एक विनंती. असे पालक आले की प्रमाणपत्रावरचा आकडा जरूर बघा, पण तेवढ्यावर 'केस होत नाही' असे सांगून त्यांना परत पाठवू नका. मुलाला काय येते, कुठे अडते, आणि काय दिले तर अडणार नाही, हे आधी विचारा. न्यायालये आता हेच विचारू लागली आहेत.

आणि मुख्याध्यापकांनाही सांगावेसे वाटते. पुढच्या जूनमध्ये अशी एखादी आई समोर येऊन बसली, तर दुसऱ्या शाळेचे नाव सुचवण्याआधी तिला एवढेच विचारा, ''याला काय लागेल?''