अहो की तू? : एका कोरियन मालिकेचं घरगुती भाषांतर

२०२५ च्या मार्च महिन्यात उदगीरच्या आमच्या घरात रात्रीची जेवणं लवकर उरकत होती. कारण सांगायला थोडा संकोच वाटतो. आजवर मी लिहिलं ते उदगीरच्या किल्ल्यावर, सीमाभागातल्या बोलींवर. माझं शिक्षण बेताचं आहे. वह्या-पुस्तकांच्या दुकानात बसून जे वाचलं तेवढीच माझी पुंजी. त्यात आता कोरियन मालिका हा विषय घेतला, तर मित्र हसले. पण या मालिकेनं मला माझ्याच भाषेबद्दल आणि माझ्याच घराबद्दल जे दाखवलं, ते नोंदवून ठेवावं असं वाटलं.

शिकायला आमच्याकडे राहिलेली भाची कोरियन मालिकांची भक्त. तिच्यामुळे ७ मार्चपासून नेटफ्लिक्सवर सुरू झालेली एक मालिका घरात आली. दर शुक्रवारी चार भाग, असे चार आठवड्यांत सोळा. आम्ही रोज एक भाग पाहायचो आणि उरलेले दिवस पुढं काय होणार यावर वाद घालायचो. भाचीचा एक नियम होता : आवाज मूळ कोरियनच ठेवायचा. खाली इंग्रजी ओळी यायच्या. मराठी ओळींची सोय नव्हती. माझी आई पंच्याऐंशीच्या घरातली, माहेर भालकीकडचं, बोलण्यात मराठी-कन्नडची सरमिसळ, इंग्रजीचा गंध नाही. तेव्हा इंग्रजी ओळी वाचून तिला मराठीत सांगायचं काम माझ्याकडे आलं.

लाट कुठून आली

कोरियन मालिका भारतात काल-परवा आल्या असा समज आहे, तो खरा नाही. २००० साली मणिपूरमध्ये एका बंडखोर संघटनेनं हिंदी चित्रपट आणि वाहिन्यांवर बंदी घातली. ती मोकळी जागा ‘आरिरांग’ या कोरियन वाहिनीनं आणि सीडींनी भरली. २००६ मध्ये दूरदर्शननं ‘दे जांग गुम’ ही राजवाड्यातल्या स्वयंपाकिणीची आणि पुढं वैद्य झालेल्या स्त्रीची मालिका हिंदीत दाखवली. टाळेबंदीच्या काळात ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ आणि २०२१ च्या सप्टेंबरात ‘स्क्विड गेम’ गाजली, तेव्हा ही लाट आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या मोबाइलपर्यंत पोचली.

ती रुजली कशी, याचं एक कारण बांधणीत आहे. आपल्याकडं ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका तीन हजारांहून अधिक भाग चालली. कोरियन मालिका बहुधा सोळा-वीस भागांत संपते. ती कुठं संपणार हे ठरलेलं असतं, म्हणून पात्रं म्हातारी होऊ शकतात, मरू शकतात आणि मेलेली परत येत नाहीत. आईला हे फार आवडलं. “ह्येंच्यात मेल्यालं मानूस उटून येत न्हाई,” असं ती शेजारणीला कौतुकानं सांगायची.

अम्मा, अप्पा आणि एक मोह

पहिल्याच भागात आई दचकली. पडद्यावरच्या पोरीनं आईला ‘ऑम्मा’ म्हणून हाक मारली. पुढं बापाला ‘आप्पा’. “ही तर आमच्या भालकीची हायेत की!” आई म्हणाली. माझ्यातला हौशी संशोधक जागा झाला.

हा मोह जुना आहे. होमर हल्बर्ट या अमेरिकन धर्मप्रसारकानं १९०५ मध्ये कोरियन आणि द्राविडी भाषांच्या तौलनिक व्याकरणावर पुस्तकच लिहिलं. तेराव्या शतकातल्या ‘सामगुक युसा’ या कोरियन ग्रंथात ‘आयुता’ देशातून समुद्रमार्गे आलेल्या राजकन्येची कथा आहे. ती अयोध्येची होती असं मानून २००१ साली अयोध्येत तिचं स्मारकही उभं राहिलं. पण आजचे भाषाशास्त्रज्ञ कोरियन आणि द्राविडी यांचं नातं मान्य करत नाहीत. तान्ह्या मुलाच्या ओठांना ‘म’ आणि ‘प’ हे ध्वनी सोपे जातात, म्हणून आईबापाची नावं जगभर अशी जुळतात, हे रोमान याकोबसननं १९६० मध्ये दाखवून दिलं आहे. तेव्हा आईला सांगितलं, की ही माणसं भालकीची नव्हेत. तिनं ते मनावर घेतलं नाही.

इंग्रजीचा वळसा

खरं साम्य शब्दांत नव्हे, वाक्याच्या घडणीत आणि नात्यांच्या घडीत आहे. मराठीसारखंच कोरियनमध्येही क्रियापद शेवटी येतं. ‘करीन’ की ‘करणार नाही’ हे वाक्य संपेपर्यंत कळत नाही. नट त्या शेवटच्या शब्दावर थांबतो, गिळतो, मग बोलतो. इंग्रजी ओळ मात्र आधीच सगळं सांगून मोकळी होते, आणि तिच्यामागं धावत मीही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आई चिडली : “त्येला आदी बोलू दे की रं.” तेव्हापासून मी नटाचं बोलणं संपल्यावरच सांगू लागलो, आणि मराठी वाक्य त्याच्या चेहऱ्यावर बरोबर बसू लागलं.

नात्यांचंही तसंच. मावशीला ‘इमो’, आत्याला ‘गोमो’. इंग्रजीत दोघी ‘आँट’. खाणावळीतल्या बाईलाही तिथं ‘इमो’ म्हणून हाक मारतात, जशी आपण अनोळखी बाईला मावशी म्हणतो. मुलीनं मोठ्या भावाला ‘ओप्पा’ म्हणायचं, मुलानं ‘ह्यंग’. बाईला मूल झालं की तिचं नाव मागं पडतं आणि ती अमक्याची ‘ऑम्मा’ होते. आमच्या गल्लीतही तेच चालतं. माझ्या आईचं नाव गल्लीत किती जणांना ठाऊक असेल, याची मला शंका आहे.

सगळ्यात मोठी गळती ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांत होते. कोरियनमध्ये समोरच्याशी तुमचं नातं काय, हे क्रियापदाचं शेपूट सांगतं. औपचारिक बोलण्यात ‘-म्निदा’, रोजच्या आदरासाठी ‘-यो’, आणि शेपूट गाळलं की ‘बानमाल’, म्हणजे अरेतुरेची भाषा. ज्याच्याविषयी बोलायचं त्याच्या आदरासाठी क्रियापदात ‘-शी-’ घालतात, आपण ‘आजोबा आले’ असं अनेकवचन वापरतो तसं. दोन माणसं ‘-यो’वरून बानमालवर कधी येतात, यावर कोरियन मालिकांतले प्रसंग उभे असतात. इंग्रजीत मात्र सगळ्यांना एकच ‘यू’. उदगीरहून बिदरला जाण्यासाठी मुंबईचा वळसा घ्यावा, तसा हा प्रकार.

माझी चूक

आता मालिकेविषयी. जेजू हे कोरियाच्या दक्षिणेचं बेट. तिथल्या ‘हेन्यो’, म्हणजे प्राणवायूची नळकांडी न घेता समुद्रात बुडी मारून शिंपले आणि शेवाळ काढणाऱ्या बायका, यांची संस्कृती २०१६ साली युनेस्कोच्या यादीत गेली. ए-सुन ही अशाच एका हेन्योची मुलगी. तिला कवयित्री व्हायचं असतं. आई तरुणपणीच जाते, शिक्षण राहून जातं, आणि लहानपणापासून मागं-मागं फिरणाऱ्या ग्वान-शिक या अबोल मुलाशी तिचं लग्न होतं. साठच्या दशकापासून आजवरच्या त्यांच्या संसाराची ही गोष्ट आहे.

लग्नानंतरच्या भागांत मी आईला सांगत होतो : “ती नवऱ्याला म्हणते, अहो, तुम्ही बोटीवर जाऊ नका.” भाची म्हणाली, “मामा, ती ‘अहो’ म्हणतच नाही. ती त्याला नावानं हाक मारते. सरळ अरेतुरे.”

मी भाग मागं घेऊन ऐकला. भाचीचं खरं होतं. इंग्रजीतल्या ‘यू’त आदर नव्हता आणि अनादरही नव्हता. ती रिकामी जागा होती, आणि ती मी माझ्या घरातल्या सवयीनं भरून टाकली होती. गेली तीस वर्षं माझी बायको मला ‘अहो’ म्हणते आणि मी तिला ‘अगं’. म्हणून कोरियातल्या एका कोळ्याच्या बायकोलाही मी नकळत ‘अहो’ म्हणायला लावलं. भाषांतरकार मूळ पुस्तकात आपलं घर घुसवतो, हे मी अनेकदा वाचलं होतं. स्वतःला तसं करताना पहिल्यांदाच पकडलं.

त्यानंतर मी कोरियन लिपी शिकायला बसलो. राजा सेजोंगनं १४४३ मध्ये घडवलेली ही लिपी मूळ चौदा व्यंजनं आणि दहा स्वरांची आहे. दुकानातल्या चौकटीच्या वहीत गिरवून दोन आठवड्यांत अक्षरं लागू लागली. भाषा अजून दूर आहे, पण शेपटाला ‘-यो’ आहे की नाही, एवढं कान आता धरतात.

पंगत

या मालिकेत जेवणाचे प्रसंग फार आहेत. लहानगी ए-सुन काकाच्या घरी राहते, तिथं सगळ्यांच्या वाट्याला मासा येतो, तिच्या नाही. आईला ते कळतं तेव्हा ती पेटून उठते. पुढं सासरी पुरुषांचं मेज वेगळं, बायकांचं वेगळं. एके दिवशी ग्वान-शिक पुरुषांच्या मेजाकडं पाठ करतो आणि वळून बायकोबरोबर जेवू लागतो. तोंडानं काही बोलत नाही. नुसता फिरून बसतो.

इथं मला काहीच भाषांतर करावं लागलं नाही. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आमच्यात असं कुनी फिरून बसलं न्हाई बाबा.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. माझी बायको तेव्हा आत ओटा आवरत होती. आम्ही सगळे जेवलो होतो, ती जेवायची राहिली होती.

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हणालो, आजपासून सगळे एकदम बसू. ती म्हणाली, “मग गरम भाकरी कोण टाकणार?” यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. भाकरी मला येत नाही. सध्या आठवड्यातून दोन रात्री भाकरी आधी करून ठेवल्या जातात आणि आम्ही गार भाकरी एकत्र खातो. आईला गार भाकरी चावत नाही, तिला दुधात कुस्करून देतो. बदल म्हणावा तर एवढाच.

खपणे

शेवटी नावाबद्दल. इंग्रजीत या मालिकेचं नाव ‘व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स’. एका इंग्रजी म्हणीतलं लिंबू काढून तिथं जेजूचं संत्रं बसवलं आहे. मूळ नाव मात्र जेजूच्या बोलीत आहे : ‘फोक्साक सोगास्सुदा’. अर्थ असा की तुम्ही फार कष्ट उपसलेत. गंमत अशी, की सोलच्या प्रमाण कोरियनवाल्याला तेच शब्द ‘पुरते फसलात’ असे ऐकू येतात. जेजूची बोली २०१० मध्ये युनेस्कोनं मरणपंथाला लागलेल्या भाषांत नोंदवली. आमचं ‘काय करलालास?’ ऐकून पुण्यात हसतात, तेव्हा आमचंही थोडंफार असंच होतं.

हे सगळं आईला समजावलं आणि विचारलं, याला आपल्यात काय म्हणशील? ती लगेच म्हणाली, “लई खपलीस गं माय.” खपणं म्हणजे राबणं, आणि खपणं म्हणजे विकलं जाणं, संपून जाणंही. मूळ नावाचा दुहेरी पदर इंग्रजीला पेलला नव्हता. भालकीच्या एका निरक्षर बाईनं तो एका शब्दात आणला.

२०२२ साली आमच्या उदगीरला पंचाण्णवावं मराठी साहित्य संमेलन भरलं, २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला. दोन्हींचा मला आनंद आहे. पण कोरियन, जपानी, तुर्की गोष्टी आमच्या आयांपर्यंत इंग्रजीच्या वळशानं पोचत राहिल्या, तर त्यांची ‘यू’ची जागा कुणीतरी असाच सवयीनं भरत राहील. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात कोरियन शिकवतात. पदवीनंतर तिकडं जायचं, असं भाची म्हणते. तिच्या बापाला हे खूळ वाटतं. या दिवाळीत तो भाऊबीजेला येणार आहे, तेव्हा हा अंक मी त्याच्या हातात ठेवणार आहे.